ट्रॅक्टरच्या अवजारांसाठी गोदामातले पॅलेट रॅक: पावसाळा काढल्यावरचा रिव्ह्यू

गुहागर तालुक्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टर-पॉवर टिलरची दुरुस्ती आणि अवजारं भाड्याने देणं असं दोन्ही चालतं, आणि गोदामात वापरतात ते पॅलेट रॅक (लोखंडी खांबांना आडवे बीम अडकवून केलेले कप्पे, त्यावर पॅलेट म्हणजे फळ्यांची चौकट ठेवून माल ठेवतात) सेकंडहँड घेऊन आम्ही अवजारांसाठी बसवलेत. एक आख्खा पावसाळा काढून झाल्यावर लिहितोय. घ्यावेत का? घ्याच, पण खाली लिहिलंय तेवढं बघून घ्या.

कोकणात अवजाराचं काम वर्षातून थोडे दिवस असतं. मे महिन्यात आंबा-काजूच्या कलमांना खड्डे मारायला ऑगर, मिरगानंतर चिखलणीला रोटाव्हेटर आणि केज व्हील (चिखलात चालायची लोखंडी चाकं), पावसाळा सरला की बागेतलं गवत मारायला स्लॅशर, मोहोराला फवारणीचा ब्लोअर. एक चालू असतं तेव्हा बाकीची सगळी अंगणात ताडपत्रीखाली, आणि इथे खारा वारा आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुढच्या मोसमात बेअरिंग जाम, पिना गंजून बसलेल्या, ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या पीटीओ शाफ्टची नळी सरकत नाही. शिवाय गवतात पडलेल्या नांगराखाली फुरसं बसलेलं असतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. अंगणातल्या ढिगात हात घालताना आमच्या पोरांचा जीव वरखाली व्हायचा, माझ्यासाठी रॅक घ्यायचं सगळ्यात मोठं कारण तेच.

आता माल. भिवंडीकडची गोदामं खाली झाली की असे रॅक निघतात, तिकडच्याच एका विक्रेत्याकडून घेतले. फ्रेम (तिरक्या पट्ट्यांनी जोडलेले दोन खांब) 1 मीटर खोलीच्या आणि बीम 2.7 मीटरचे. एका कप्प्याच्या रुंदीत पाच फुटी रोटाव्हेटर आणि त्याच्या बाजूला नऊ फाळांचा कल्टिव्हेटर नाही बसत, पण रोटाव्हेटर आणि ऑगर आरामात बसतात. बीमच्या टोकाला हुक असतात ते खांबाच्या खाचेत अडकतात, नटबोल्ट नाही, म्हणून उंची पाहिजे तशी बदलता येते आणि ही सोय अवजारांसाठी फार कामाची आहे कारण प्रत्येकाची उंची वेगळी.

पण हुक अडकवल्यावर त्यात एक लॉक पिन घालायची असते, अवजार चढवताना खालून धक्का लागला तर बीम उचलून बाहेर येऊ नये म्हणून. आमच्या मालात निम्म्या पिना नव्हत्या. फोन केला तर विक्रेता म्हणे "त्याशिवाय पण चालतं". नाही चालत! उद्या कोणी तीनेकशे किलोचा रोटाव्हेटर वर ठेवला आणि बीम निसटला तर खाली माणूस आहे. शेवटी पिना वेगळ्या मागवल्या, त्या येईपर्यंत वर काही ठेवलं नाही. या एका गोष्टीसाठी त्या विक्रेत्याचे मार्क कापतो, बाकी माल सरळ होता.

सरळ म्हणजे किती, ते घेतानाच मोजायचं. एक मीटरची सरळ पट्टी खांबाला लावायची. बीमच्या दिशेने 5 मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असेल किंवा फ्रेमच्या खोलीच्या दिशेने 3 पेक्षा जास्त, तर तो खांब घ्यायचा नाही, मधल्या तिरक्या पट्ट्यांना 10 पर्यंत चालतं. गोदामात फोर्कलिफ्ट आदळून खालचा भाग चेपलेला असतो, तिथे नीट बघा. कोणी गरम करून ठोकून सरळ केलाय किंवा वेल्डिंग मारलंय असं दिसलं तर सोडून द्या, ताकद गेलेली असते.

वजनाचं गणित इथे सगळ्यात महत्त्वाचं. बीमवर अमुक किलो प्रति जोडी लिहिलेलं असतं ते वजन सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून लिहिलेलं असतं. रोटाव्हेटर दोन बाजूंच्या स्कीडवर (खालच्या पट्ट्यांवर) टेकतो आणि नांगर तर फाळाच्या टोकावर, म्हणजे सगळा भार दोन-तीन ठिकाणी. म्हणून अवजार थेट बीमवर ठेवायचं नाही, खाली पॅलेट आणि पॅलेटखाली दोन बीमना जोडणारे आडवे सपोर्ट, असंच. भरल्यावर बीमचा झोक दोरी ताणून मोजा, लांबीच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे 2.7 मीटरला साडेतेरा मिलिमीटर. आमचा त्याच्या बराच आत आहे.

अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: जमिनीपासून पहिला बीम जितका वर न्याल तितकी खांबाची ताकद कमी होते, कारण खांबाला मध्ये आधार नसतो. आम्हाला खालचा कप्पा उंच हवा होता, मोठी धुडं जमिनीवरच पॅलेटवर ठेवून आत ढकलायला. मग वर फक्त हलकं सामान ठेवलंय, केज व्हील, शाफ्ट, टॉप लिंक, पिनांचे डबे.

चढवायचं कसं हा प्रश्न सगळे विचारतात, फोर्कलिफ्ट तर कोणाकडे नसते. जमिनीवरच्या कप्प्याला काहीच नाही, ट्रॅक्टर मागे घ्यायचा, अवजार हायड्रॉलिकने सरळ पॅलेटवर उतरवायचं, जोडणीच्या पिना काढायच्या, हॅन्ड पॅलेट ट्रकने (पॅलेट ओढायच्या हातगाडीने) आत. एक माणूस करतो. वरच्या कप्प्याला हाताने चालणारा हायड्रॉलिक स्टॅकर (पॅलेट वर उचलायची ढकलगाडी) घेतला. त्याचे पाय फोर्कच्या (पॅलेट उचलणाऱ्या दोन दांड्यांच्या) बरोबर खाली असतात, त्यामुळे ज्या पॅलेटला खालून पण फळ्या मारलेल्या असतात ते त्यात शिरतच नाही, खालून मोकळं पॅलेट घ्या आणि त्याचे लाकडी पाय दोन्ही बीमवर टेकतील असं ठेवा. रॅकच्या बीमला चेन कप्पी टांगून उचलायचा विचार मात्र कोणी करू नका, तो बीम त्यासाठी बनलेलाच नाही, कप्पीला वेगळं गर्डर पाहिजे.

जमीन. आपल्याकडे शेडला बऱ्याचदा चिऱ्याची फरशी किंवा नुसती चोपलेली जमीन असते, त्यात अँकर बोल्ट (रॅक जमिनीला पकडणारा बोल्ट) धरत नाही. आम्ही रॅकच्या जागेपुरता काँक्रीटचा स्लॅब टाकला, बाकीच्या जमिनीपेक्षा थोडा उंच, आणि खांबाखालची प्रत्येक बेस प्लेट अँकरने पकडली. उंच एवढ्यासाठी की पागोळ्यांचं पाणी आत आलं तरी प्लेटखाली साचत नाही. खर्च वाढतो पण निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा पत्रे कसे उडाले ते बघितल्यावर सुटा उभा रॅक शेडमध्ये ठेवायची माझी तरी छाती नाही.

गंजाचं खरं सांगायचं तर मध्यम. पावडर कोटिंग जिथे शाबूत आहे तिथे काही झालं नाही, पण हुक घासतो त्या खाचांत गणपतीपर्यंतच लाल डाग दिसायला लागले. ब्रशने घासून झिंक प्रायमर मारला, आता ठीक आहे, दर वर्षी मारावा लागेल. समुद्राला लागून असाल तर गॅल्वनाइज्ड मिळाले तर जास्त पैसे देऊन तेच घ्या. लाकडी पॅलेटला वाळवी लागते, आम्ही खाली जळकं ऑइल लावलं. प्लास्टिकचं घेणार असाल तर रॅकवर चालणारंच आहे ना ते विचारा, साधं जमिनीवरचं प्लास्टिक पॅलेट बीमवर मधोमध वाकतं.

फायदा काय झाला? मिरगाच्या तोंडावर एकाच सकाळी सगळी गिऱ्हाईकं येतात, कोणाला रोटाव्हेटर, कोणाला केज व्हील. आधी एक काढायला चार हलवावी लागायची, यंदा ज्याचं त्याला ओढून दिलं आणि ट्रॅक्टर लगेच खाचरात. ऑगरचा गिअरबॉक्स मे मध्ये ठेवला तसाच आहे, आत पाणी शिरलं नाही, पीटीओ शाफ्ट ग्रीस मारून आडवे ठेवलेत, हाताने सरकतात. शेडची निम्मी जमीन मोकळी झाली, तिथे आता एक पॉवर टिलर खोलून बसता येतं.

नवे घ्यायचे की जुने याबद्दल माझं मत असं, खांब जुने चालतील पण वर सांगितलेली पट्टी लावूनच, लॉक पिना आणि अँकर नवेच घ्या, आणि खांब-बीम एकाच कंपनीचे आहेत ना ते तिथेच जोडून बघा, दोन कंपन्यांच्या खाचा दिसायला सारख्या असतात आणि हुक अर्धवट बसतो. गाडीत भरायच्या आधी बघा, भिवंडीहून इथवर आलेला माल परत पाठवायचं भाडं कोणी देत नाही.