कॉईल बदलतो म्हणाला आणि आख्खा सबवूफरच बदलला

एकूण गेले 10,450 रुपये. त्यातले 1,000 फोनवरून, बाकी रोख. वरून नागपूरहून 8,700 रुपयांत आणलेला बारा इंची सबवूफर (गाडीतला बेसचा मोठा स्पीकर) गेला. जुना ॲम्प्लिफायर 'एक्सचेंज'मध्ये गेला, त्याची किंमत तर मी धरतच नाही. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110. म्हणजे सव्वादोन क्विंटलच्या वर कापूस मी त्या भामट्याच्या व्हॅनमध्ये स्वतःच्या हातानं भरून दिला. (आणि हमीभावानं कापूस जातो कुणाचा, ते आपल्याला माहीतच आहे.)

माझी गाडी भाड्यानं चालते. लग्नसराईत वऱ्हाड, एरवी दवाखाना नाहीतर कचेरी. वऱ्हाडाच्या गाडीत बेस नसला तर पोरं पुढच्या वेळी दुसरी गाडी सांगतात, म्हणून हा खर्च. ज्यांना ही चैन वाटते त्यांनी एक सीझन गाडी चालवून पाहावी. तर एका वरातीत पोरांनी आवाज फुल करून ठेवला, मागून जळकट वास आला आणि ठोका बंद.

बाजाराच्या दिवशी एक व्हॅन उभी होती. बॅनरवर 'होम थिएटर, कार सबवूफर रिपेअरिंग व ट्युनिंग, कोन बदलून मिळेल'. शेगडी दुरुस्त करणारे, दागिने उजळून देणारे गावोगाव कसे फिरतात ते वाचणाऱ्याला सांगायला नको. पण हा तसा दिसत नव्हता. त्यानं माझ्यासमोर मीटर लावला, दोन्ही कॉईल (कोन हलवणारी तारेची वेटोळी) ओपन, म्हणजे तुटलेल्या, दाखवल्या, आणि ते खरंच होतं. कॉईल जळलेलीच होती. नेमका इथंच माणूस फसतो. पहिली गोष्ट तो खरी सांगतो.

"भाऊ, कॉईल कोळसा झाली. कोन, स्पायडर सगळं नवीन टाका लागते. बाकीच्याले साडेचार हजार घेतो, तुमच्यासाठी 3,400." हजार मी तिथंच फोनवरून टाकले. पेटीसकट घेऊन गेला, संध्याकाळी पेटीसकट परत. आमच्या तालुक्यातला म्हातारा मेकॅनिक कॉईलभोवती फिल्मच्या पट्ट्या लावून ती मधोमध बसवतो, चिकटवतो आणि रात्रभर वाळू देतो. हा सहा तासांत आला. विचारलं तर म्हणे, "आपल्याकडं कंपनीचं केमिकल हाय."

आता ते बोल्ट. माझ्या सबवूफरला आठ ॲलन की बोल्ट होते, काळे. परत आला तेव्हा आठही जागी साधे पिवळे स्टार स्क्रू. मी पाहिले. बोट ठेवून विचारलं. "जुन्याले गंज होता, नवीन टाकले, त्याचे पैसे नाही घेतले तुमच्याकडून." वर कडेनं गोल सिलिकॉन फिरवलेला, हवा गळू नये म्हणून, आणि दोन स्क्रूंवर स्टिकर: स्टिकर फाटल्यास गॅरंटी रद्द. त्या क्षणी पेचकस घेऊन उघडला असता तर त्याची गाडी गावाबाहेर गेलीच नसती. आजही ते पिवळे स्क्रू आठवले की डोकं फिरते. पण मला सांगा, पेटी बंद, दारात दुसऱ्या दिवशीचं वऱ्हाड ठरवायला आलेला माणूस उभा, आणि समोरचा सहा महिन्यांची गॅरंटी लिहून देऊन राहिला. कोण स्टिकर फाडते? मी आयटीआय केलेला माणूस आहे, अडाणी नाही. माझ्या जागी तुम्ही असते तर तुम्हीही तेच केलं असतं.

मग 'ट्युनिंग', त्याचे 1,200. गेन पूर्ण उजवीकडं, बेस बूस्ट पूर्ण उजवीकडं, लो पास पार शेवटच्या आकड्यावर. त्यामुळं सबवूफरमधून गाणाऱ्याचा आवाजसुद्धा येऊन राहिला होता आणि आवाज 'वाढला' असं वाटलं. सबवूफरला 80 हर्ट्झच्या आसपास कापायचं असते, वरचं काम दाराच्या स्पीकरचं. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. तो डेकच्या, म्हणजे गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या, आउटपुटशी जुळवायचा असतो. जास्त फिरवला की ॲम्प क्लिप होतो, म्हणजे आवाजाची टोकं कापली जातात, आणि क्लिप झालेला आवाजच कॉईल जाळतो. पोर्टवाली (हवेचं भोक ठेवलेली) पेटी असेल तर फार खालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर चालू पाहिजे, नाहीतर पेटीच्या ट्युनिंगच्या खालच्या आवाजाला कोन मोकाट हलतो. त्यानं तो बंदच ठेवला होता. आजूबाजूच्या टपऱ्यांचे पत्रे थरथरले, पोरं जमली, आणि एवढ्या लोकांपुढं त्यानं मला ॲम्प गळ्यात मारला. जुना ॲम्प घेऊन वर 5,850 रुपये, '6000 वॅट'.

सहा हजार वॅट! त्याच्या मागं 25 अँपिअरचे दोन फ्यूज होते. 50 अँपिअर गुणिले गाडी चालू असतानाचे 14 व्होल्ट, झाले 700 वॅट. एवढंच आत जाऊ शकते. अशा ॲम्पमध्ये त्यातलं निम्म्याच्या आसपास उष्णतेत जाते, स्पीकरला राहिले साडेतीनशेच्या आसपास. ॲम्प घ्यायचा तर डब्यावरचा आकडा वाचू नका, फ्यूज वाचा, आणि आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) विचारा. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) म्हणणाऱ्याला तिथूनच राम राम करा.

चौथ्या लग्नाला बेस फाटला. म्हाताऱ्या मेकॅनिककडं नेला. त्यानं पेटी उघडायच्या आधीच टर्मिनलला मीटर लावला आणि हसला. माझा माल दोन कॉईलचा होता, प्रत्येकी 4 ओहम. अशा कॉईल समांतर जोडल्या तर मीटरवर पावणेदोनच्या आसपास दिसते, सिरीजमध्ये सातच्या आसपास. इथं आलं 3.4. दोन कॉईल कशाही जोडा, हा आकडा येतच नाही. आत एक कॉईलचा, अर्ध्या मॅग्नेटचा लोकल माल होता, पुठ्ठ्याचा कोन काळा रंगवलेला. माझ्या मॅग्नेटवर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना पडलेला निळ्या ऑइलपेंटचा ओघळ होता. ह्याच्यावर काहीच नाही. उघडायचे त्यानं 300 घेतले, ते मला 10,450 पेक्षा जास्त लागले.

फोन बंद. बिल म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर गाव नाही, जीएसटी नंबर नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिलं वाक्य: "साऊंडवाले तुम्ही? डीजेचा परवाना आहे का?" म्हणजे माझीच उलटतपासणी. मग म्हणे हा दिवाणी वाद आहे. साहेब, माझी वस्तू विश्वासानं हातात दिली आणि त्यानं ती लांबवली, यात दिवाणी काय? जुन्या चारशेवीसच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आलं, विश्वासघाताला 316 आहे. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढं येते तर वकील लावा." शेवटी एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली, तीही सबवूफरऐवजी 'स्पिकर जुना वापरता 1 नग'. जुना वापरता! बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणे पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. ज्या खात्यात हजार गेले त्याचं नाव तरी सांगा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे, एनसीवर पत्र निघत नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, सगळं चांगलं आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता असता तर मीच नसतो का गेलो? ज्याच्याकडं दुकान आहे त्याच्यासाठी कायदा, व्हॅनवाल्यासाठी रस्ता मोकळा. गावातले लोक तर वेगळेच. "आमाले पयलेच वाटलं होतं," म्हणे. तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं?

दुरुस्तीला टाकण्याआधी मॅग्नेट आणि टर्मिनलचा फोटो काढा, आतून कुठंतरी पर्मनंट मार्करनं खूण करा. पेटी देऊ नका, नुसता स्पीकर काढून द्या, म्हणजे परत येताना मागची बाजू दिसते. जुनी कॉईल आणि जुना कोन मागून घ्या. नाही म्हणाला तर काम त्यानं केलंच नाही. ऑनलाइन पैसे देऊन फसले तर तासाभरात 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, माझ्यासारखं महिन्याभरानं नाही. आणि गाडीचा नंबर! व्हॅनचा नंबर लिहून ठेवा.

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात कुणाकडं बारा इंची, दोन कॉईलचा, चार टर्मिनलचा जुना सबवूफर विकायला आला तर मागून पाहा. मॅग्नेटवर निळा ओघळ असेल तर तो माझा आहे. भाव करत बसा, आणि तेवढ्यात गाडीच्या नंबरचा फोटो काढा.