जुन्या ऑटोमॅटिक कोरोलाचं गिअरबॉक्स पॅकिंग: तीन ऋतूंनंतर

गाडी २००५ची कोरोला, ऑटोमॅटिक. गिअरबॉक्सच्या चेंबरचं, म्हणजे तळाशी बोल्टांनी बसवलेल्या तेलाच्या भांड्याचं, पॅकिंग गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बदललं. आता उन्हाळा लागलाय आणि चेंबर बाहेरून कोरडा आहे. यात काय एवढं, असं वाटेल. पण त्याआधी एका गॅरेजात हेच काम दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा थोड्याच दिवसांत पार्किंगच्या फरशीवर गिअरबॉक्सच्या तेलाचे लालसर ठिपके पुन्हा हजर.

दोन्ही वेळा कॉर्कचं पॅकिंग, त्यावर सिलिकॉनचा जाड थर आणि बोल्ट जीव खाऊन आवळलेले. खरा घोटाळा त्या आवळण्यात होता. चेंबर पातळ पत्र्याचा असतो. बोल्ट जास्त पिळला की भोकाभोवतीचा पत्रा वर खेचला जातो आणि दोन बोल्टांच्या मधे फट राहते. त्यात कॉर्क दाबाने बाहेर सरकतो, चिरतो. ठिबकलं की लोक आणखी आवळतात, म्हणजे फट आणखी वाढते.

या खेपेला ओळखीच्या मिस्त्रींबरोबर स्वतः उभा राहिलो. आधी चेंबर बाहेरून स्वच्छ धुऊन, सुकवून गाडी फिरवून आणली. ॲक्सलच्या सीलमधून किंवा कूलरच्या होजमधून आलेलं तेलही ओघळत चेंबरच्या कडेलाच जमतं, त्यामुळे गळती चेंबरच्या पॅकिंगमधूनच आहे ही खात्री हवीच. मग तेल काढून चेंबर उतरवला. ड्रेनमधून सगळं आलं असं वाटलं तरी वरून बराच वेळ ठिबकत राहतं. घाई करू नका. कडेवर पट्टी धरली तर प्रत्येक भोकाशी उंचवटा स्पष्ट दिसला. लाकडी ठोकळ्यावर कड ठेवून हलक्या हातोडीने सपाट केली. अख्ख्या कामातली हीच पंधरावीस मिनिटं मोलाची, आणि गॅरेजच्या बिलात ती कधीच नसतात.

वरचं जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, कारण गिअरबॉक्सचं केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, पोलादी पातं लागलं तर ओरखडे पडतात. चेंबरमधल्या चुंबकांवर करडा, बारीक गाळ होता. एवढ्या वयात तो असायचाच. धातूचे चकचकीत तुकडे सापडले असते, म्हणजे गिअरबॉक्स आतूनच झिजत असता, तर पॅकिंगची चर्चा तिथेच थांबली असती. गाळणीही बदलली.

पॅकिंग रबराचं घेतलं, पुण्याच्या नाना पेठेतून. सिलिकॉन अजिबात नाही, कोरडंच बसवलं. बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोर क्रमाने, साधारण आठ न्यूटन-मीटरवर. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या. चाकांचा मोठा टॉर्क पाना (ठरावीक ताणापर्यंतच बोल्ट आवळणारा) इथे कामाचा नाही. एवढा कमी ताण त्याला कळतच नाही. तेल टोयोटाच्या टी-फोर ग्रेडचंच, डिपस्टिकच्या नळीतून थोडं थोडं. पातळी गिअरबॉक्स गरम असताना, सगळे गिअर फिरवून, इंजिन चालू ठेवून बघायची. जास्त भरलं तर फेस होतो.

पहिल्या आठवड्यानंतर पाना पुन्हा लावून पाहिला, एकही बोल्ट सैल नव्हता. पावसाळ्यातल्या वाहतूक कोंडीत, घाटात, कुठेच ठिपका नाही. डिपस्टिकवरची खूणही हललेली नाही.

दुसऱ्या गिअरला थंडपणी बसणारा हलका धक्का मात्र जसाच्या तसा आहे. तेल बदलल्यावर तो जाईल असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण चेंबर काढून निम्म्याहून कमीच तेल बदललं जातं, बाकीचं बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलभरल्या जोडात, राहतं. आणि डाव्या ॲक्सलच्या सीलपाशी हल्ली ओलसर दिसायला लागलंय.