कॅनडाच्या सैन्यावरचा आर्बर रिपोर्ट, ५ पैकी ४ स्टार
सरकारी साईटवर फुकट मिळतो, दोन रात्री जागून वाचला. २०१५ लाच माजी न्यायाधीश मारी देशाँ यांनी सैन्यातल्या लैंगिक गैरवर्तनावर १० शिफारशी दिलेल्या, तरी २०२१ मध्ये अगदी वरच्या अधिकाऱ्यांवरच आरोप झाले, मग सुप्रीम कोर्टाच्या माजी न्यायाधीश लुईज आर्बर यांना हे सगळं तपासायचं काम दिलं आणि मे २०२२ मध्ये ४८ शिफारशी आल्या. मला सगळ्यात पटलं ते हे की असे गुन्हे सैन्याकडून काढून साध्या पोलिसांकडे आणि कोर्टात द्या, अहो ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच साहेबाच्या टेबलावर कागद गेला तर ती पोरगी तोंड उघडणार कशी?
एक स्टार कापला कारण ही जाहीर चौकशी नव्हती, साहेबांना समन्स काढून सगळ्यांसमोर शपथेवर बोलायला लावायलाच हवं होतं.