पुणेकराने विमान पकडावं कुठून: लोहगाव, सहार की नवी मुंबई?

तिकीट काढायच्या आधी आमच्या घरात वाद होतो तो निघायचं कुठून यावर. आजवर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: देशातल्या देशात पुण्याचं लोहगाव, परदेशी मुंबईचं सहार. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आणि वादाला नवं खाद्य मिळालं.

लोक टर्मिनलचे फोटो बघून मत बनवतात. मी आधी धावपट्टी बघतो. इमारत कितीही वाढवली तरी विमानं उडणार ती पट्टीच्या हिशेबाने, आणि हा हिशेब सगळ्यात स्पष्ट दिसतो तो लोहगावला.

१० मार्च २०२४ला तिथल्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि जुलैपासून ते वापरात आलं. फरक पडला, नाही म्हणणार नाही. जुन्या इमारतीत सकाळच्या गर्दीला पाय ठेवायला जागा नसायची, आता निदान बसायला खुर्ची मिळते. पण काचेपलीकडची पट्टी तीच आहे, साधारण २,५३५ मीटरची, आणि ती आहे हवाई दलाची. इंग्रजांनी १९३९मध्ये हा तळ उभारला तो युद्धासाठी, आपल्या गोव्याच्या सहलींसाठी नव्हे. त्यामुळे लढाऊ विमानांना आधी वाट, प्रवासी विमानांना नंतर. पट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१मध्ये दोन आठवडे विमानतळ बंदच होता, कारण वळवायला दुसरी पट्टी नाही.

त्यात पुणं समुद्रसपाटीपासून जवळजवळ ५९० मीटर उंच. उंचावर हवा विरळ, मे महिन्याच्या दुपारी तर आणखीच. विरळ हवेत पंखांना तेवढीच उचल हवी असेल तर वेग जास्त लागतो, म्हणजे धावही लांब लागते. पट्टी वाढत नसेल तर विमानाचं वजन कमी करावं लागतं, आणि वजन कमी करायचं म्हणजे एक तर इंधन कमी भरायचं, नाही तर माणसं. अमेरिकेला थेट जाणारं मोठं विमान इथून का सुटत नाही, याचं बरंचसं उत्तर या गणितात आहे. लोहगावच्या पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलेलं असलं तरी थेट परदेशी विमानं बोटांवर मोजण्याइतकीच असतात.

तरीही दिल्ली, बंगळूर, नागपूर, कोलकाता असं कुठे जायचं असेल तर दुसरा विचार करू नका. मुंबईहून तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतं, पण टॅक्सी, टोल आणि वाया गेलेला अर्धा दिवस धरला की ती बचत लोणावळ्याच्या आतच संपते.

सहारचं बलस्थान एकच, पण ते मोठं आहे: तिथून थेट विमानं भरपूर मिळतात. लंडन असो, फ्रँकफर्ट असो की आखाती शहरं, मध्यरात्रीनंतर जथ्थ्याने विमानं सुटतात. अडचण अशी की दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी पेलले जातात. एक विमान रेंगाळलं की मागची सगळी रेंगाळतात. वस्ती कुंपणाला टेकलेली, त्यामुळे आणखी पसरायला जागाच उरलेली नाही. आणि द्रुतगती मार्ग कळंबोलीला संपल्यावर वाशीचा खाडीपूल, चेंबूर, कुर्ला हे सगळं उरतंच. त्या शेवटच्या टप्प्यात किती वेळ जाईल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नवी मुंबई नेमकी इथे वरचढ ठरते. पनवेल गाठलं की विमानतळ हाकेच्या अंतरावर. प्रगती एक्सप्रेसने पनवेलला उतरून रिक्षा-टॅक्सीनेही जाता येतं. जागा १,१६० हेक्टर, धावपट्टी ३,७०० मीटर, तीही जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणजे लोहगावच्या दोन्ही अडचणी इथे नाहीत. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली आणि नदीचा प्रवाह वळवावा लागला, हे मात्र विसरू नये. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, पुढे दुसऱ्या समांतर पट्टीसह ९ कोटींची योजना आहे. पण क्षमता असली म्हणून विमानं लगेच येत नाहीत. सुरुवात झाली ती दिवसाच्या बारा तासांपुरती आणि देशांतर्गत उड्डाणांनी. म्हणून इथे आधी बघायचं ते तुम्हाला जायचंय तिथे थेट विमान आहे का. असेल आणि वेळ सोयीची असेल, तर सहारकडे बघायचं कारण उरत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फार कोणी बघत नाही: लोहगावहून दिल्लीमार्गे, पण दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर. बॅग बहुतेक वेळा पुण्यातच शेवटच्या मुक्कामापर्यंत देता येते, आणि पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तर दुसरी सोय करणं कंपनीवर येतं. घाटात तुमची टॅक्सी अडकली तर तशी जबाबदारी कोणी घेत नाही. मी एकदा खोपोलीच्या वर दोन तास बसून राहिलो आणि विमान गेलं, तेव्हापासून वयस्कर आईवडिलांना पाठवायचं असेल तर मी हीच वाट निवडतो. परतताना मात्र साधारणपणे दिल्लीत बॅग उचलून कस्टममधून बाहेर यावं लागतं आणि ती पुन्हा द्यावी लागते, तेव्हा मधे तीन तास तरी ठेवा.

आणि पुरंदर? पुण्यासाठी तिथे योजलेला नवा विमानतळ होईल तेव्हा होईल. सात गावांची जमीन, अंजीर-सीताफळाच्या बागा आणि शेतकऱ्यांचा विरोध, यात २०१६पासून तो अडकलेला आहे. यंदाचं तिकीट काढताना त्याचं नाव मनातून काढून टाका.