भिंतीला चुना लावला, त्याला आठ महिने झाले

कर्वेनगरच्या आमच्या घराला बागेच्या बाजूने 40 फूट लांब, 5 फूट उंच अशी विटांची कंपाउंड भिंत आहे. सासऱ्यांनी बांधलेली. गेल्या सहा वर्षांत ती दोनदा रंगवली. दोन्ही वेळा बाहेरच्या भिंतींचा महागातला अॅक्रिलिक रंग, खाली वॉटरप्रूफ पुट्टी, आणि दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात मांडीएवढ्या उंचीपर्यंत पोपडे. दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा रंगाच्या कंपनीचा माणूस आला, भिंतीआधी वॉरंटीचा कागद बघितला आणि जमिनीतून चढणारी ओल त्यात बसत नाही म्हणाला. बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलं होतं.

खरं तर भिंत स्वतःच सांगत होती, मीच ऐकत नव्हते. पोपडे पावसात उडायचेच नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये रंग नुसता फुगायचा, बोटाने दाबला की मऊ लागायचा. उडायला सुरुवात व्हायची दिवाळीनंतर, हवा कोरडी पडली की. फेब्रुवारीत असाच एक पोपडा सुरीच्या टोकाने उचलला. रंगाचा पापुद्रा रबरासारखा, तळहाताएवढा अख्खा सुटून आला. त्याच्या पाठीला पांढरी बारीक लव होती, जुन्या पिठाला बुरशी येते तशी. मागचा गिलावा गार आणि ओला, नखाने खरवडला की वाळू गळायची. मिस्त्रींनी ती लव बोटावर घेऊन चक्क जिभेला लावली. "लोणा आहे ताई. खारट." मग वाफ्याकडे बघून म्हणाले, "भिंतीला रोज पाणी पाजताय की तुम्ही."

पाजत होतेच. भिंतीला चिकटून दीड फूट उंच मातीचा वाफा, त्यात मोगरा, जास्वंद, आणि सकाळ-संध्याकाळ पाइप. पुण्याचा पाऊस वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक चार महिन्यांतला. माझा पाइप बारा महिने. ते पाणी विटांमध्ये शिरतं, येताना माती-सिमेंटातले क्षार विरघळवून आणतं, आणि भिंत वाळायला लागली की क्षाराचे खडे धरतात. पृष्ठभाग उघडा असेल तर खडे बाहेर येतात, झाडून टाकता येतात. वर रंगाचा पापुद्रा असेल तर ते त्याच्या मागे धरतात आणि त्याला ढकलून देतात. म्हणजे रंग जितका घट्ट, पोपडा तितका मोठा. हे कळल्यावर तिसऱ्यांदा रंगाच्या दुकानात जायचं रद्द केलं आणि पापुद्रा न धरणारा चुना लावायचं ठरवलं.

आधी वाफा भिंतीपासून फूटभर मागे सरकवला. मोगरा त्यात गेला, त्यावरून घरात चार दिवस सासूबाईंचा अबोला होता. मधल्या जागेत खडी भरली आणि तिला गेटकडे उतार दिला. ओल जिथवर दिसत होती त्याच्या वर आणखी फूटभर गिलावा पार विटांपर्यंत तासला, वरच्या भागावरचा जुना रंग खरवडला. भिंतीच्या माथ्यावर शहाबादी फरशी बसवली, दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर. तिच्या खालच्या अंगाला कटरने खाच मारून घेतली, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाचेपाशी तुटून खाली पडतं. ही खाच मारायला मिस्त्री कंटाळा करतात, उभं राहून करून घ्यावी. पुन्हा गिलावा 1:1:6, म्हणजे एक भाग सिमेंट, एक चुना, सहा वाळू. वॉटरप्रूफिंगचं कुठलंही औषध त्यात घालू दिलं नाही.

चुना मात्र मी स्वतः केला. बोहरी आळीतून कळीचा चुना आणला, अंगणात पिंपात आधी पाणी घेऊन त्यात थोडा थोडा सोडला. पिंप उकळायला लागतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि शेजारी उभं राहून बघणं वेगळं. चष्मा आणि हातमोजे घालूनच करा, डोळ्यात उडाला तर फार वाईट. तीन आठवडे पाण्याखाली मुरू दिला, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळला, दुधाइतका पातळ केला, त्यात पिवळी माती घातली. एप्रिलच्या शेवटी, उन्हं उतरल्यावर, भिंत आधी पाण्याने भिजवून, रोज एक असे चार हात दिले. पहिल्या हाताला काहीच दिसत नाही. शेजारचे काका फाटकातून म्हणाले, "नुसतं पाणी मारताय का?" सकाळी वाळून उजळल्यावर तेच परत बघायला आले. घाईने जाड हात दिला की तडकतो, एका कोपऱ्यात तो प्रयोगही करून झाला.

आता डिसेंबर आहे. माझ्या हिशेबाने खरी परीक्षा पाऊस नव्हता, नोव्हेंबर होता. नळाजवळच्या तीन फुटांत पांढरी पावडर आली. कोरड्या ब्रशने झाडली. धुवायची नाही, धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. बोगनवेलीमागचा तुकडा सोडला (त्याचं पुढे सांगते) तर बाकी भिंतीवर पोपडा एकही नाही, कारण सुटायला पापुद्राच नाही.

तक्रारी आहेत. भिंतीला टेकलं की कपड्याला चुना लागतो, गणपतीत काळा कुर्ता घालून आलेल्या भाच्याने ते सर्वांना दाखवलं. खालच्या वीतभर भागावर चिखलाचे शिंतोडे बसलेत, खडी थोडी मोठी हवी होती. आंब्याखालच्या कोपऱ्यात शेवाळ धरलंय. पिवळा रंग सगळीकडे सारखा नाही. मला तो वाड्याच्या भिंतीसारखा वाटतो, नवऱ्याला डाग पडल्यासारखा. दर दोन वर्षांनी एखाद-दुसरा हात द्यावा लागेल असं दिसतंय. पण चुन्याला हजाराच्या आतच लागले. एकूण 19 हजार झाले ते गवंडी, बिगारी आणि फरशीचे. मागच्या वेळी नुसत्या रंगकामाचे 22 हजार गेले होते.

एक चूक माझीच. बोगनवेलीमागचे सहा फूट खरवडायचा आळस केला, जुन्या अॅक्रिलिकवरच चुना मारला. जुलैत तिथला चुना खवल्यांनी सुटला. ते सहा फूट फेब्रुवारीत तासायचे आहेत. त्यासाठी बोगनवेल मुळापर्यंत छाटावी लागेल, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.