सार्वमत घेऊ द्यावे की रोखावे? लंडन आणि माद्रिद यांनी दिलेली दोन उत्तरे

देशाचा एखादा प्रदेश वेगळा होऊ मागतो तेव्हा केंद्र सरकारने त्याला मतदान करू द्यावे की नाही, या प्रश्नावर ज्यांना आपले मत ठरवायचे असते त्यांच्यापुढे दोन उदाहरणे हमखास ठेवली जातात. एक ब्रिटनमधल्या स्कॉटलंडचे, २०१४ चे आणि दुसरे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे, २०१७ चे. पहिल्यात दोन सरकारांनी करारावर सह्या केल्या, मतदान झाले आणि हरलेल्यांनी निकाल मान्य केला. दुसऱ्यात मतदान केंद्रांवर पोलिसांचे दंडुके चालले आणि नेते तुरुंगात गेले. यावरून लंडन शहाणे आणि माद्रिद आडमुठे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो अर्धाच बरोबर आहे. लंडनने दार एकदाच उघडले आणि नंतर ते घट्ट लावून घेतले, तर माद्रिदने तीन वर्षांच्या आत एकाच प्रश्नाला दोन वेगळ्या तऱ्हांनी तोंड दिले. मत बनवण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी पाहायला हव्यात.

कायद्याची जमीन

ब्रिटनला एकाच दस्तऐवजात लिहिलेली राज्यघटना नाही. वेस्टमिन्स्टरची संसद सर्वोच्च आहे आणि तिने ठरवले तर जवळपास काहीही कायदेशीर होऊ शकते. स्कॉटलंडचे स्वतःचे विधिमंडळ १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने निर्माण झाले. त्या कायद्याच्या कलम ३० खाली एक आदेश काढून सार्वमताचा अधिकार त्याला तात्पुरता देता येत होता. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नव्हती. राजकीय इच्छा असली की भागत होते.

स्पेनची १९७८ ची राज्यघटना फ्रँकोच्या हुकूमशाहीतून बाहेर पडताना मोठ्या तडजोडीने लिहिली गेली. तिचे दुसरे कलम देशाची एकता अविभाज्य असल्याचे सांगते आणि त्याच कलमात प्रदेशांना स्वायत्ततेचा हक्कही देते. हा मूळ भाग बदलायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत, मग संसद विसर्जन, नव्या संसदेत पुन्हा तेवढेच बहुमत आणि शेवटी सर्व देशाचे सार्वमत एवढा लांबचा रस्ता आहे. त्यामुळे ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्या हातात असलेली सोय स्पेनचे तेव्हाचे पंतप्रधान मारियानो राहोय यांच्या हातात तशी नव्हती, हे माद्रिदच्या बाजूने मान्य करावे लागते. तरीही मधली वाट सुचवली गेली होती. एप्रिल २०१४ मध्ये कॅटलान विधिमंडळाने स्कॉटलंडच्या धर्तीवर, केंद्राने सल्लात्मक सार्वमताचा अधिकार आपल्याकडे सोपवावा अशी रीतसर मागणी स्पेनच्या संसदेत मांडली. ती २९९ विरुद्ध ४७ मतांनी फेटाळली गेली. रस्ता अरुंद होता हे खरे, पण त्यावर पाऊल टाकायचेच नाही हा निर्णय राजकीय होता.

लंडन: मोकळेपणा आणि हिशेब

मे २०११ च्या स्कॉटिश विधिमंडळाच्या निवडणुकीत, स्कॉटिश सरकारचे प्रमुख ॲलेक्स सॅमंड यांच्या स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या. अशा एकहाती बहुमताला वाव राहू नये अशीच ती निवडणूक पद्धत आखलेली होती, म्हणून हा निकाल लंडनला टाळता येण्याजोगा नव्हता. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरामध्ये कॅमेरॉन आणि सॅमंड यांनी करार केला. सॅमंड यांना मतदानाची वेळ, प्रश्नाची शब्दरचना सुचवण्याचा अधिकार आणि १६ वर्षांवरील मुलांना मत ही तीन कलमे मिळाली. कॅमेरॉन यांनी एकच गोष्ट मागितली आणि ती सर्वांत वजनदार होती: प्रश्न एकच, उत्तर हो किंवा नाही. देशात राहून जास्तीत जास्त अधिकार घेण्याचा तिसरा पर्याय, जो अनेक स्कॉटिश मतदारांना मनापासून हवा होता, मतपत्रिकेवर आला नाही.

त्या वेळी जनमत चाचण्यांमध्ये स्वातंत्र्याच्या बाजूने साधारण एक तृतीयांश लोक होते, हे लक्षात घेतले की कॅमेरॉन यांच्या औदार्यामागचा हिशेब दिसतो. हरण्याची भीती नसताना दिलेली ती परवानगी होती. तरी तिचा दर्जा त्यामुळे कमी होत नाही, कारण नियम आधी ठरले होते आणि दोघांनाही बांधून होते. सॅमंड यांच्या सरकारने सुचवलेल्या प्रश्नात ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी आपण सहमत आहात का’ असा सूर होता. निवडणूक आयोगाने तो मतदाराला ‘हो’कडे ढकलतो असे सांगितले, आणि सॅमंड यांनी मुकाट्याने ‘स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का’ हा सरळ प्रश्न स्वीकारला. निःपक्ष पंच असण्याचा अर्थ काय, हे या लहानशा दुरुस्तीत दिसते.

प्रचारात लंडनने हात आखडता घेतला नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला पौंडाची भागीदारी मिळणार नाही असे बजावले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका चाचणीत ‘हो’ची बाजू ५१ टक्क्यांवर गेली, तेव्हा तिन्ही मोठ्या पक्षांचे नेते संसदेतील पंतप्रधानांचा साप्ताहिक प्रश्नोत्तराचा तास सोडून स्कॉटलंडला धावले आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना एका स्कॉटिश वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर तिघांच्या सह्यांनिशी अधिक अधिकारांचे वचन छापले गेले. दोन वर्षांपूर्वी मतपत्रिकेवरून वगळलेला तिसरा पर्याय असा शेवटच्या क्षणी आश्वासन म्हणून परत आणावा लागला. १८ सप्टेंबरला ८४.६ टक्के मतदान झाले; ५५.३ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले, ४४.७ टक्क्यांनी ‘हो’. दुसऱ्या दिवशी सॅमंड यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले आणि २०१६ च्या कायद्याने प्राप्तिकराचे दर ठरवण्यासारखे अधिकार एडिंबराला मिळाले.

लंडनची स्तुती करणारे बहुधा इथे थांबतात. पण २०१६ मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने गेले आणि स्कॉटलंडने मात्र ६२ टक्के मतांनी आत राहण्याचा कौल दिला, तेव्हा परिस्थिती बदलली हे सांगत सॅमंड यांच्यानंतर स्कॉटिश सरकारच्या प्रमुख झालेल्या निकोला स्टर्जन यांनी २०१७ मध्ये पुन्हा कलम ३० चा आदेश मागितला. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी ही वेळ नव्हे असे उत्तर दिले आणि २०२० च्या जानेवारीत त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीही नकार कळवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या संमतीविना स्कॉटिश विधिमंडळाला असे सार्वमत घेता येणार नाही. दंडुके आणि तुरुंग वगळले तर ही भूमिका माद्रिदच्या भूमिकेपासून फार लांब नाही.

माद्रिद: आधीची चूक आणि नंतरचे दोन प्रयोग

कॅटलोनियाचा प्रश्न २०१७ मध्ये सुरू झाला असे धरून जे मत बनवतात त्यांचे मत कच्चे राहते. २००६ मध्ये कॅटलोनियासाठी नवी स्वायत्ततेची सनद तयार झाली. ती स्पेनच्या संसदेने संमत केली आणि कॅटलान मतदारांनी सुमारे ७४ टक्क्यांनी मंजूर केली, जरी मतदानाला निम्म्याहून कमी लोक आले होते. राहोय यांच्या पॉप्युलर पार्टीने तिला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले आणि चार वर्षे लावून न्यायालयाने २८ जून २०१० रोजी तिची १४ कलमे पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली, आणखी २७ कलमांचा अर्थ स्वतः लावून दिला. संसदेने आणि मतदारांनी होकार दिलेला मजकूर नंतर कापला गेला, ही सल तेव्हापासूनची आहे. २०१२ मध्ये कॅटलान सरकारचे प्रमुख आर्तुर मास यांनी करवसुलीत वेगळी व्यवस्था मागितली. स्पेनमध्येच बास्क प्रदेश स्वतःचे कर स्वतः गोळा करतो, हे उदाहरण समोर होते. राहोय यांनी नकार दिला. देशाच्या उत्पन्नात सुमारे पाचवा हिस्सा घालणाऱ्या प्रदेशाला तशी सवलत देणे खर्चिक होते हे समजण्यासारखे आहे, पण त्यानंतर वाटाघाटीसाठी समोर काही उरलेच नाही.

आता दोन प्रयोग. ९ नोव्हेंबर २०१४ रोजी मास यांनी न्यायालयाची मनाई असताना स्वयंसेवकांच्या मदतीने एक अनौपचारिक मतचाचणी घेतली. सुमारे २३ लाख लोक आले आणि त्यातील ८० टक्क्यांनी स्वातंत्र्याला हो म्हटले. माद्रिदने ती बेकायदा ठरवली, पण केंद्रांवर पोलीस पाठवले नाहीत. मास यांच्यावर खटला नंतर चालला आणि त्यांना पदबंदीची शिक्षा झाली. जगाने फारशी दखल घेतली नाही आणि स्पेनचे तुकडेही झाले नाहीत.

१ ऑक्टोबर २०१७ ला उलट केले गेले. त्यापूर्वीच्या महिन्यात मास यांच्यानंतर कॅटलान सरकारचे प्रमुख झालेले कार्लेस पुजदेमोन यांच्या सरकारनेही मोठा गुन्हा केला होता, आणि तो स्वातंत्र्यवादी मंडळी सहसा सांगत नाहीत. सनद बदलायला १३५ पैकी ९० मते लागतात, पण देश सोडण्याचा कायदा त्यांनी साध्या बहुमताने रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीत संमत करून घेतला आणि विरोधक सभागृहाबाहेर पडले. किमान मतदानाची अट ठेवली नव्हती. न्यायालयाने रोज १२,००० युरो दंडाची धमकी दिल्यावर त्यांचे निवडणूक मंडळ बरखास्त झाले, म्हणजे मोजणीला पंचच उरला नाही. मतदानाच्या सकाळी कोणीही कुठल्याही केंद्रावर मत देऊ शकेल असे जाहीर झाले.

तिकडे माद्रिदने बाहेरून हजारो पोलीस आणले. त्यातल्या काहींचा मुक्काम बार्सेलोना बंदरात उभ्या केलेल्या एका प्रवासी जहाजावर होता, ज्याच्या अंगावर कार्टूनमधला पिवळा ट्वीटी भला मोठा रंगवलेला होता. ते चित्र ताडपत्रीने झाकण्याची पाळी आली आणि त्यावरून पोलिसांची यथेच्छ टवाळी झाली. पालक आणि शेजारी आदल्या रात्रीपासून शाळांमध्ये झोपले होते, मतपेट्या घराघरांतून लपवून आणल्या गेल्या होत्या. सकाळी दारे तोडून पोलीस आत शिरले. कॅटलान आरोग्य विभागाच्या आकड्यानुसार हजाराहून अधिक लोकांवर उपचार करावे लागले. तरीही सुमारे ४३ टक्के मतदान झाल्याचे सांगितले गेले, त्यातील ९० टक्के ‘हो’. या निकालाला जनादेश म्हणता येणार नाही, कारण विरोधी मतदार घरीच बसला होता. पण दंडुक्यांची दृश्ये जगभर गेल्यामुळे कमकुवत सार्वमताला जे वजन स्वतःहून मिळाले नसते ते माद्रिदने मिळवून दिले.

२७ ऑक्टोबरला विधिमंडळाने ७० मतांनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्याच दिवशी स्पेनच्या सेनेटने घटनेच्या कलम १५५ खाली प्रादेशिक सरकार बरखास्त करण्याची मुभा दिली. बार्सेलोनातील सरकारी राजवाड्यावरचा स्पेनचा ध्वज त्या संध्याकाळीही खाली उतरला नाही, यावरून घोषणा करणाऱ्यांचीही तयारी किती होती ते कळते. पुजदेमोन बेल्जियमला गेले. मागे राहिलेल्यांपैकी नऊ जणांना ऑक्टोबर २०१९ मध्ये ९ ते १३ वर्षांचा तुरुंगवास झाला.

त्यानंतरचा माद्रिदचा प्रवास उलट दिशेने आहे. राहोय यांच्यानंतर पंतप्रधान झालेले पेद्रो सांचेझ यांच्या सरकारने जून २०२१ मध्ये या नऊ जणांची उर्वरित कैद माफ केली, ज्या गुन्ह्याखाली शिक्षा झाली तो गुन्हाच पुढे दंडसंहितेतून काढला आणि २०२४ मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा आणला. सांचेझ यांना सत्तेसाठी पुजदेमोन यांच्या पक्षाची सात मते हवी होती, हे कारण उघड आहे. मे २०२४ च्या कॅटलान निवडणुकीत स्वातंत्र्यवादी पक्षांचे बहुमत गेले आणि समाजवादी साल्वादोर इया कॅटलान सरकारचे प्रमुख झाले.

मत ठरवताना

निव्वळ परिणामावरून निवड करू पाहणाऱ्याची इथे अडचण होते. मतदान दिलेल्या स्कॉटलंडमध्ये स्वातंत्र्याचा पाठिंबा कमी झाला नाही, तो त्यानंतर बहुतेक काळ चाळिशीच्या वरच्या टप्प्यात राहिला. मतदान रोखलेल्या कॅटलोनियात तो २०१७ नंतर उतरला. म्हणून ‘मत देऊ दिले की प्रश्न मिटतो’ हा युक्तिवाद टिकत नाही, आणि ‘दडपले की चिघळतो’ हाही पूर्ण टिकत नाही. माझ्या मते लंडनच्या बाजूला झुकण्याचे खरे कारण वेगळे आहे: तिथे हरलेल्या बाजूकडे निकाल नाकारण्याचे निमित्त उरले नाही, आणि कोणालाही पुढे माफी द्यावी लागली नाही. माद्रिदच्या नकाराला घटनेचा आधार होता, परंतु नकार अमलात आणण्याची २०१४ ची पद्धत हाताशी असताना २०१७ ची निवडणे ही घटनेने लादलेली सक्ती नव्हती.

मतपत्रिकेवर काय असते आणि काय नसते, याकडे मात्र दोन्ही बाजूंनी डोळेझाक केली. गोव्यात जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश एवढेच दोन पर्याय होते. स्वतंत्र राज्याचा पर्याय त्यावर नव्हता आणि तेच राज्य १९८७ मध्ये प्रत्यक्षात आले. तो प्रश्न देशाबाहेर पडण्याचा नव्हता, पण वगळलेला पर्याय मागच्या दाराने परत येतो हे तिथेही दिसले. मतदान निष्पक्ष व्हावे म्हणून गोव्याचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता, ही पंचाची जाणीव पुजदेमोन यांच्याकडे नव्हती.

ज्यांना दोन्ही टोके पटत नाहीत त्यांनी कॅनडाकडे पाहावे. १९९५ मध्ये क्वेबेक प्रांताचे देशातून बाहेर पडण्याबाबतचे सार्वमत ५०.५८ विरुद्ध ४९.४२ अशा काठावर ‘नाही’ने संपले आणि त्यातील प्रश्न इतका लांबलचक होता की स्वातंत्र्य हवे की भागीदारी, याबद्दल मतदारांतच मतभेद होते. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर उर्वरित देशाला वाटाघाटी कराव्याच लागतील. २००० च्या कायद्याने प्रश्न आणि बहुमत पुरेसे स्पष्ट आहे का हे ठरवण्याचा अधिकार संघीय संसदेला दिला. ‘स्पष्ट’ म्हणजे किती टक्के, हे त्यात लिहिलेले नाही. क्वेबेकने स्वतःचा कायदा करून निम्म्याहून एक मत जास्त पुरे असे उत्तर दिले आहे. क्वेबेकमध्ये तिसरे सार्वमत घेण्याचे आश्वासन स्वातंत्र्यवादी पार्ती क्वेबेक्वा पक्षाने दिलेले आहे, आणि ते झालेच तर हे दोन कायदे पहिल्यांदाच समोरासमोर येतील.