समुद्रासमोर खोली हवी, पण किती पायऱ्यांवर? हेदवी की देवबाग

"अगदी समुद्राला लागून घर आहे हो आमचं." कोकणात फोनवर हे वाक्य तीन अर्थांनी येतं. एक, ओटीवर बसलं की समुद्र दिसतो. दोन, दिसत नाही, मध्ये माडांची वाडी आहे, पण गाज ऐकू येते. आणि तीन, अनवाणी निघालं तर पाय थेट पाण्यात. तिन्ही अर्थ खरे असतात, मालक खोटं बोलत नसतो. आपणच तिसरा अर्थ धरून बसतो. आम्ही धरला आणि सासूबाईंना चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरवून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर नेलं. परत वर कसं आणलं ते त्यांच्यासमोर काढायचं नाही, असा घरात ठराव आहे.

एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजना आली, तशी किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मालक त्याच घरात राहतो आणि सकाळी त्याच्याच स्वयंपाकघरातलं आपल्या ताटात येतं. कुठे जाऊ असं विचारणाऱ्यांचं घोडं बहुतेक दोन ठिकाणांमध्ये अडलेलं असतं: रत्नागिरी जिल्ह्यातलं हेदवी-वेळणेश्वर, नाहीतर सिंधुदुर्गातलं देवबाग-तारकर्ली. दोन्हीकडे समुद्र तोच, पण राहणं अगदी वेगळं.

हेदवीकडचा किनारा राकट आहे. वर जांभ्या दगडाचा सपाट माळ, म्हणजे सडा, खाली काळा कातळ, आणि दोन डोंगरांच्या कुशीत मधूनच एखादी पुळण. समुद्र दिसणारी घरं साहजिकच उंचावर. रात्री लाट कातळावर आपटते तो आवाज वाळूवरच्या लाटेसारखा लांबत नाही. धप्प होतो आणि थांबतो. पहिल्या रात्री माझी झोप दोनदा मोडली, दुसऱ्या रात्री त्याच आवाजावर लागली.

इथे येऊन बामणघळ चुकवायची नाही. उमामहेश्वराच्या देवळाशेजारी कातळाला एक लांब, अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, पुढे वाट संपते, आणि मग सगळा लोंढा उभा वर उसळतो. ओहोटीला गेलात तर मात्र नुसती भेग दिसते आणि लोक "एवढंच?" म्हणत गाडीत बसतात. म्हणून खोली ठरवण्याआधी कालनिर्णय उघडा. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास गेलात तर उधाणही असतं आणि वेळही न्याहारी-जेवणाच्या मधली सापडते. अष्टमीला भांगाची भरती, तिच्यात जोर नाही. उधाणात घळीच्या तोंडाशी जायचं नाही, कातळावर शेवाळ असतं. फोटो लांबूनही येतो.

देवबागला हे सगळं उलटं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. तिच्यावर माड आणि माडांत घरं. सकाळी सूर्य खाडीवर उगवतो, संध्याकाळी घराच्या दुसऱ्या अंगाला समुद्रात बुडतो, तुम्ही फक्त खुर्ची फिरवायची. पायऱ्या नाहीत. पोरं सकाळी बाहेर पडतात ती दुपारी वाळूसकट जेवायला येतात. त्याच पौर्णिमेला इथे पाचच्या सुमाराची ओहोटी बघायची, संगमाजवळचा 'सुनामी बेट' म्हणतात तो वाळूचा पट्टा तेव्हा उघडा पडतो. पोहायचं मात्र संगमावर नाही, नदीची ओढ वरून कळत नाही. आणि एक गोष्ट जाहिरातीतल्या फोटोत नसते: समुद्र ही पट्टी खातो आहे. काही ठिकाणी घरासमोर पुळण नाही, धुपेला आवर घालायला टाकलेले दगड आहेत. "समोर वाळू आहे की बंधारा?" हे सरळ विचारा.

आता न्याहारी, कारण नावातच ती आहे. हेदवी-गुहागरकडे बरीच घरं शाकाहारी. मऊभात-मेतकूट, वर तूप, नाहीतर ओलं खोबरं पेरलेले पोहे, दुपारी कुळथाचं पिठलं. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं. मासे मात्र बाहेर शोधावे लागतात. देवबागला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, आणि नशीब असेल तर शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. तिथल्या घरमालकीण काकूंनी लाकडी साच्यात उकडलेले गोळे घातले, दांड्यावर सगळा भार टाकला आणि खाली शेवया पडायला लागल्या. मला म्हणाल्या, "तुमी दाबून बगा." मी दाबलं. काही पडलं नाही. त्यांची सातवीतली नात येऊन दोन दाबांत मोकळी झाली. गूळ घातलेल्या नारळाच्या रसात ते शिरवाळे खाल्ले आणि दुपारी जेवायला उठवलं नाही. तिथेच सकाळी पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. आम्ही दोराला हात लावला, तर निघताना पिशवीत मूठभर तारल्या, म्हणजे छोटे मासे, पडल्या. संध्याकाळी काकूंनीच त्या तळून दिल्या.

मासेखाऊंचा निकाल इथेच लागला. तरी जून-जुलैत जात असाल तर थांबा. यांत्रिक होड्यांची मासेमारी तेव्हा बंद असते, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबाही बंद. पावसात देवबाग म्हणजे खिडकीतून पाऊस बघणं. हेदवी त्याच दिवसांत बहरात येते. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर पाण्याची डबकी साचतात आणि कातळावर बोटभर उंचीची फुलं येतात.

जायला हेदवी पुण्याहून सोयीची, कुंभार्ली घाटातून चिपळूण आणि पुढे गुहागर. रेल्वेने आलात तर चिपळूणहून पुढे गाडी करावी लागेल, एसटीच्या वेळा मोजक्या. परतीला तवसाळहून फेरीबोटीत गाडी घालून जयगडला उतरलात की गणपतीपुळेही होतं. देवबागला रेल्वेने कुडाळ, तिथून मालवणमार्गे. परदेशातून येणाऱ्यांना गोव्याचा मोपा विमानतळ सोयीचा. नाताळात आणि मे महिन्यात दोन्हीकडे दर चढतात आणि देवबागला गर्दीही. हेदवीत रोख पैसे आणि टॉर्च जवळ ठेवा.

माझं मत विचाराल तर दोघंच असाल, पुस्तक बरोबर असेल, पाण्यात शिरण्यापेक्षा ते बघत बसायचं असेल, तर हेदवी. पोरं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर देवबाग, तेही तळमजला. दोन्हींतलं थोडं थोडं हवं असेल तर कर्लीच्या पलीकडे भोगवे-निवती बघा, तिथे पुळणही आहे आणि खडकही.

यंदा कार्तिकी पौर्णिमेला आम्ही हेदवीच घेतली आहे. फोनवर पहिला प्रश्न सासूबाईंनी स्वतः विचारला. मालक म्हणाले, बारा पायऱ्या. त्यांनी लेखी मागितलं आहे.